भाऊजींची बारा कार्डं

आमच्या भाऊजींइतकं कमी जग पाहिलेला आणि त्या जगाबद्दल इतकं भरभरून शिकवणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिघोरीला राहायचे आणि हायस्कुलात भूगोल शिकवायचे. सहारा वाळवंटातला उंटांचा तांडा ते असा वर्णन करत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस परवाच तिकडून आला आणि अजून याच्या चपलांत वाळू आहे. प्रत्यक्षात भंडाऱ्याच्या पलीकडे त्यांची मजल फारशी गेलेली नव्हती. एसटीत बसलं की पहिल्याच वळणाला त्यांच्या पोटात ढवळायचं, म्हणून सदऱ्याच्या खिशात कायम लिंबू. एकदा दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला सरकारने त्यांना नागपूरला पाठवलं, तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे दारात हजर. ताईने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "शिकवलं त्याईनं सगळं. बाकीचं मले येत होतं."

आठवीपासून मी शिकायला त्यांच्याकडे होतो, त्यामुळे या माणसाच्या सगळ्या तऱ्हा मला घरबसल्या पाहायला मिळाल्या. त्यातली सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे 'पुढचा तास'. दहावीची पूर्वपरीक्षा संपली, की दर शनिवारी शाळा सुटल्यावर भाऊजी दहावीच्या पोरांना थांबवून घेत. अभ्यासक्रमात नसलेला, हेडमास्तरांनी न सांगितलेला, कुणीही न मागितलेला हा तास होता. दहावीनंतर गाव सोडणाऱ्या पोराला बाहेर काय काय लागेल, ते सगळं त्यात शिकवलं जाई. वर्गातले बाक एकामागे एक लावून एसटी तयार व्हायची, भाऊजी कंडक्टर व्हायचे, आणि डोक्यावर ट्रंक घेऊन चढायचं कसं, ट्रंक कुठे ठेवायची, शेजारचा माणूस गोड बोलून बिडी देऊ लागला तर काय म्हणायचं, याची तालीम होई. या न हलणाऱ्या एसटीत भाऊजींना मळमळत नसे, एवढंच काय ते तिचं खऱ्या एसटीपासून वेगळेपण.

आमच्याकडचं पोर दोन्ही वेळा भात खाणारं. परगावच्या खाणावळीत भात मुठीएवढाच मिळतो, आणि आमच्या झाडीपट्टीतला माणूस उपाशी राहील पण भाताविना राहणार नाही, हे भाऊजींचं ठाम मत. म्हणून एका वर्षी त्यांनी दहावीच्या अख्ख्या वर्गाला आठ दिवस भात बंद केला. फक्त पोळी. चौथ्या दिवशी एका पोराचा बाप सकाळी सकाळीच ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, पोरगा भात मांगून राहिला. देऊ का नोको? त्याची माय रडून राहिली." भाऊजींनी बराच विचार केला आणि एक मूठ भाताची परवानगी दिली. जाताना त्या बापाच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की जणू कोर्टातून जामीन मिळाला.

दुसऱ्या एका वर्षी पंधरा पोरं घेऊन ते जवाहरनगरला गेले. वाटेत दोन लिंबं संपली. कारखान्याच्या फाटकासमोर, पाळी सुटायच्या वेळेला, त्यांनी पोरांना एका ओळीत उभं केलं आणि नोकरीतला माणूस कसा चालतो ते नीट बघायला सांगितलं. दारूगोळ्याच्या कारखान्यासमोर पंधरा पोरं आणि एक मास्तर टक लावून उभे म्हटल्यावर पहारेकरी धावत आला. "काहून उभे हाव इथं?" भाऊजी अदबीने म्हणाले, "काही नाही जी, चाल पाहून राहिलो." पहारेकऱ्याला यातलं काही कळलं नाही, पण धोका नाही एवढं कळलं.

मुलाखतीची तालीम मात्र घरी व्हायची, कारण टेबल घरी होतं. भाऊजी मोठे साहेब, आणि दुसरा साहेब हवा म्हणून ताईला बसवायचे. ताई तांदूळ निवडतानिवडताच बसायची. पोरगं घाबरत आत आलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "जेवला का बाबू?" भाऊजी कपाळाला हात लावून म्हणत, "अवं, साहेब असं इचारत नाही." त्यावर ताई सूप बाजूला ठेवून म्हणायची, "मंग साहेब कायचा?"

या सगळ्याचा कळस म्हणजे कार्डं. शेवटच्या शनिवारी भाऊजी प्रत्येक पोराला बारा पोस्टकार्डं द्यायचे आणि फळ्यावर मजकूर लिहायचे. 'तीर्थरूप आईबाबांस सा. न. वि. वि. मी येथे सुखरूप आहे. तब्येत चांगली आहे. काळजी नसावी.' तोच मजकूर बाराही कार्डांवर, घरच्या पत्त्यासकट, सुवाच्य अक्षरात. तारीख तेवढी कोरी. गाव सोडल्यावर दर महिन्याला एकावर तारीख घालायची आणि पेटीत टाकायचं. यामागे त्यांचं एक दुःख होतं. त्यांचा मोठा भाऊ पोरवयात कामासाठी कलकत्त्याकडे गेला, त्याचं पुन्हा पत्र म्हणून आलं नाही, आणि त्यांची आई पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावूनच गेली. भाऊजी म्हणत, "लिव्हाले आळस येते. पेटीत टाकाले येत नाही."

शालिक माझ्या दोन वर्षं पुढे. बाप नव्हता. माय दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला, कापणीला जायची. पोराचं अक्षर मात्र छापल्यासारखं, आणि भाऊजींचा त्याच्यावर फार जीव. दहावी पास झाल्यावर तो भिलाईला एका ठेकेदाराकडे कामाला लागला. पहिल्याच महिन्यात त्याचं कार्ड आलं. मायला वाचता येत नव्हतं, ती ते घेऊन भाऊजींकडे आली. भाऊजींनी ते मोठ्याने वाचलं, मायला दाखवलं, ताईला दाखवलं, मग दुसऱ्या दिवशी वर्गात नेऊन आम्हाला दाखवलं. दर महिन्याला हेच. इतर पोरं दोन-तीन कार्डांनंतर ढेपाळायची, शालिकचं एकही चुकलं नाही. "शिस्त याले म्हंतात," असं भाऊजी ज्याला त्याला सांगत सुटले.

सहाव्या कार्डाच्या वेळी माय जरा घुटमळली. "गुरुजी, हा काही नवं काहून नाही लिहीत?"

भाऊजी हसले. "नवं नाही म्हंजे सगळं बरं हाय, माय."

माय समाधानाने गेली. मी तिथेच बसलो होतो. मलाही ते उत्तर पटलं होतं.

सातवं कार्ड आलं त्यानंतर आठ-दहा दिवसांनी भिलाईहून एक माणूस शालिकची ट्रंक घेऊन भाऊजींच्या ओसरीवर आला. शालिकच्या खोलीवर राहणाराच होता. शालिकला कावीळ झाली होती. दोन महिने अंगावर काढली, मग दवाखान्यात नेला, तिथे गेला. घरी कळवून कुणी येईपर्यंत थांबायची सोय नव्हती, सगळं तिकडेच उरकलं होतं. तो माणूस मान खाली घालून सांगत होता, "आम्ही लई सांगतलं, घरी लिव्ह म्हणून. तो म्हणे, घरी असंच लिव्हाचं असते, गुरुजीनं शिकवलं. मलेच म्हणे, ट्रंकेतलं कार्ड काढ, तारीख टाक." ट्रंकेत उरलेली पाच कार्डं होती.

भाऊजींनी ते ऐकलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दोन दिवस ताईने ताट वाढावं आणि उचलावं. त्या वर्षी पुढचा तास झाला नाही. भाऊजी शाळेत जात, भूगोल शिकवत, पण सहारातले उंट आता नुसतेच पुस्तकातले उंट झाले होते. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, आणि राग येतो याची लाज वाटायची.

महिन्याभराने, एका रविवारी, शालिकची माय आली. फडक्यात बांधलेली कार्डं सोडून तिने भाऊजींपुढे ठेवली. म्हणाली, "वाचा ना जी एकदा." ताईने मला आत बोलावून घेतलं, तरी ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं. मी सुखरूप आहे. तब्येत चांगली आहे. काळजी नसावी. सातही कार्डं भाऊजींनी वाचली. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. पावसाळा गेला, लवकर पिकणारे हलके धान कापून झाले, तिचा रविवार चुकला नाही. शनिवारी रात्रीपासूनच भाऊजींच्या ताटात अन्न उरायचं. एकदा ताई कळवळून म्हणाली, तिला नाही म्हणून सांगा. भाऊजी म्हणाले, "मले वाचाच लागन."

मग एका रविवारी चौथ्या कार्डाशी ते थांबले. त्यांनी कार्डं खाली ठेवली आणि म्हणाले, "माय, हे त्याच्या मनचं नाही. मीच फळ्यावर लिहून देल्लं होतं. तो बिमार होता तवाबी हेच आलं. माझ्यानं झालं हे."

 माय म्हणाली, "मले ठाऊक हाय जी. पोराईनं कवाच सांगतलं. पण अक्षर तं त्याचंच हाय ना."

तिने कार्डं गोळा केली, फडक्यात बांधली, उठली, आणि दाराशी थांबून म्हणाली, "बरं हाय म्हनाले शिकवलं तुमी. बरं नाही म्हनालेबी शिकवा."

मी तेव्हा दहावीत होतो. पूर्वपरीक्षेनंतर पुढचा तास पुन्हा सुरू झाला. शेवटच्या शनिवारी भाऊजींनी प्रत्येकाला बारा नाही, एकच कार्ड दिलं. फळ्याकडे वळून त्यांनी लिहिलं, 'मले बरं नाही. मले न्याले या.' मास्तरांनी फळ्यावर घरची बोली लिहिलेली आम्ही कधी पाहिली नव्हती, तरी कुणी हसलं नाही. पत्ता मायबापांचा नव्हता, भाऊजींचा होता. "रोवणीत कोनाचा बाप हातचं काम सोडून येईन? मी येईन," म्हणाले. "तिथं जीव नाही लागला तरी कार्ड टाका. कारन सांगाचं काम नाही."

निवृत्त होईपर्यंत अशी चार-पाच कार्डं त्यांना आली असतील. प्रत्येक वेळी ते गेले. मला त्यातलं पहिलं आठवतं. मी निकालाची वाट पाहत तिथेच होतो. परीक्षा देऊन लगेच राजनांदगावला एका भातगिरणीत लागलेल्या आमच्याच वर्गातल्या मुलाचं कार्ड दुपारी आलं. भाऊजी जेवत होते. उरलेलं ताट तसंच ठेवून त्यांनी सदरा घातला, ताईने दिलेली लिंबं खिशात टाकली आणि निघाले. तिसऱ्या दिवशी ते परतले, तोंड उतरलेलं, सदऱ्यावर ओकल्याचे डाग. मागे तो पोरगा, धडधाकट. त्याला काहीच झालेलं नव्हतं. करमत नव्हतं, एवढंच. गावातली माणसं ओसरीवर जमली आणि हसायला लागली. "गुरुजी, याच्यासाठी गेल्ते का एवढ्या दूर?" भाऊजी म्हणाले, "हो, याच्यासाठीच."

गर्दीमागून शालिकची माय पुढे आली. तिने त्या पोराच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या बोटाने ओढून पाहिल्या, पिवळे नाहीत ना ते. एक डोळा पाहिला, मग दुसरा. मग त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "बरा हाय," ती भाऊजींना म्हणाली, "आता थोडं पानी प्या तुमी," आणि कामावर निघून गेली. भाऊजी ओसरीच्या पायरीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडू लागले. हसणारी माणसं हळूहळू पांगली. ताईने तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला, आणि तो पोरगा काय करावं न सुचून त्यांची पिशवी धरून तसाच उभा राहिला.