रडायचं नाही, पाच मिनिटं

आमच्या लॅबमध्ये किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. सांगायला मात्र घरी कोणी नसतं. घरचं कुलूप मीच उघडते, चहा मीच करते, आणि टीव्हीला किस्सा सांगून काय उपयोग! आज तुम्ही सापडलात, तर बसा जरा.

वर्धेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. अ‍ॅलर्जीने ज्या मुलांचे डोळे सारखे लाल होतात, खाजतात, त्यांचं रक्त आणि अश्रू मी तपासते. डोळ्यात सूज किती आहे हे त्यातले काही घटक सांगतात. त्यांना आम्ही मार्कर म्हणतो. अश्रूंसाठी खालच्या पापणीत टीपकागदाची बारीक पट्टी अडकवायची आणि मुलाला पाच मिनिटं बसवायचं. नियम एकच, रडायचं नाही! रडलं की पाणी भसाभस येतं, मार्कर पातळ होतात, सँपल वाया जातं. म्हणजे दिवसभर अश्रू मागायचे आणि रडू द्यायचं नाही, अशी माझी नोकरी.

*

पवनारचे एक आजोबा नातवाला घेऊन आले. भाजीपाला पिकवणारे. पट्टीवरचं एवढंसं पाणी बघून त्यांना माझी कीव आली.

"एवढ्यानं काय होते बाई? कांदा कापा ना त्याच्यासमोर, वाटीभर पानी काढून देतो!"

तसलं पाणी चालत नाही, हे मी नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला कांद्याचं पोतं घेऊन हजर! म्हणे, "बाजारचे चालत नसतीन. हे आमच्या वावरातले हायेत!"

सगळ्या स्टाफने वाटून घेतले. माझ्या वाट्याच्यांना मोड आले. एकट्या बाईला कांदा लागतो तरी किती!

*

तळेगावची एक आई. मी रिपोर्ट बघून म्हटलं, "ताई, याचे मार्कर वाढलेत."

तिने हातच जोडले. "वाढले ना? देव पावला माय! या पोट्ट्याची उंची वाढत नाई, वजन वाढत नाई. काई तरी वाढलं!"

आमच्या डॉक्टर मॅडमना हसू लपवायला भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं लागलं.

*

तपासणीचं नवीन किट आलं की तुलनेसाठी निरोगी डोळ्यांचे अश्रूही लागतात. स्टाफपैकीच कोणीतरी बसायचं. मी म्हटलं, मी बसते, मला कुठे घाई आहे! माझा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

वेळ संपल्यावर मॅडमनी पट्टी काढून उजेडात धरली. "विभाताई, तुमचा डोळा तर कोरडा!"

निरोगी म्हणून बसले आणि पेशंट होऊन उठले. चिठ्ठीवर औषध काय, तर कृत्रिम अश्रू, दिवसातून चार वेळा!

मेडिकलवाल्याने विचारलं, "ताई, छोटी बाटली देऊ का मोठी?"

"मोठीच दे बाबा."

दुपारी स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगून मी सगळ्यांना पोट धरून हसवलं. घरी आल्यावर डोळ्यांत थेंब टाकले आणि टीव्ही लावला.

*

केळझरची श्रावणी, चौथीतली. पाच मिनिटं पुतळ्यासारखी बसायची. कधी रडली नाही, हसलीही नाही. माझी सगळ्यात गुणी पेशंट! पण तिचे मार्कर दर खेपेला वरच. डोळे चोळून चोळून बुबुळाचा आकार बिघडेल, नजर जाईल, ही मॅडमची भीती.

मॅडमनी घरची झाडाझडती घेतली. धूळ? गादी? जनावरं? आईने जुनी गादी काढून टाकली, घर पुसून घेतलं, श्रावणीची लाडकी बकरी मामाकडे पाठवली. मार्कर जागचे हलेनात.

एकदा पट्टी लावून बसलेली असताना मी सहज विचारलं, "शाळेत कोणाजवळ बसतेस गं?"

"एकटीच. खिडकीपाशी."

"का?"

"सर म्हंते, हिचे डोळे आले हायेत, दुसऱ्यांले लागन. मंग कोणी संग डबा बी खात नाई."

"आणि खिडकीबाहेर काय आहे?"

"गाजरगवत. लय पांढरी फुलं हायेत. मी तेच पाहत राह्यते दिवसभर."

त्या गवताचे पराग डोळ्यांत गेले की काय होतं, ते आम्ही रोज बघतो. डोळे लाल म्हणून पोरगी खिडकीत, आणि खिडकीत म्हणून डोळे लाल! मॅडमनी तिथल्या तिथे शाळेत फोन लावला. "सर, ही अ‍ॅलर्जी आहे. कोणाला लागत नाही. तिला आत बसवा."

तिकडून आवाज आला, "मंग आधी काऊन नाई सांगितलं? आमी तं तिले सगळ्यात हवेशीर जागा देल्ली!"

*

आमच्याकडे बरं झालेलं मूल परत येत नाही. तेच चांगलं, पण लळा लागलेला असतो, आणि मग ती खुर्ची रिकामी बघवत नाही. श्रावणीची एक शेवटची तपासणी बाकी होती. ती आली तेव्हा डोळे पांढरेशुभ्र, बकरी घरी परतलेली, आणि आईच्या मागे आणखी एक पोरगी.

मी श्रावणीला पट्टी लावली. तशी ती दुसरी पोरगी स्टूल ओढून तिला चिकटून बसली. "मावशी, माह्या बी डोळ्याले कागद लावा."

"तुला काय झालंय?"

"काईच नाई. मी पूनम. शाळेत हिच्याजोळ मीच बसते आता. मंग इथं ही एकटी काऊन बसन?"

मी टीपकागदाचा एक तुकडा ओला करून तिच्या गालावर चिकटवून दिला. दोघी हात धरून समोर बघत बसल्या. आणि मिनिटभरात श्रावणीची पट्टी वरपासून खालपर्यंत भिजली, गालावरून पाणी फ्रॉकवर ओघळायला लागलं.

मॅडम धावत आल्या. "काय झालं? दुखलं का बाळा?"

श्रावणीने मान हलवली. "नाई."

"सँपल वाया गेलं, मॅडम," मी म्हटलं.

मॅडमनी वळून माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "विभाताई, तुम्ही आत्ता तुमचे ड्रॉप टाकलेत का?"

"नाही. आज टाकायचे राहूनच गेले."