दोन्हीकाकांचं मत

एक उत्तर मागायला जावं आणि दोन घेऊन यावं, असा काकांचा खाक्या होता. त्यामुळे त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि सोसायटीत ते दोन्हीकाका झाले. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. रविवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये पोथी उघडत. एक आचार्य श्लोकाचा असा अर्थ लावतात, दुसरे अगदी उलटा. मग चष्मा काढून पुसत पुसत म्हणत, "दोन्ही मतं आहेत." त्यानंतर पोहे-जिलेबी. तिथे मात्र आमचं एकमत असे.

इंदुरात असा माणूस फार सोयीचा. इथे शेजाऱ्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो. एकदा आमच्याकडून समोरच्या भाभींकडे कांदाभजी गेली, ती नेमकी त्यांच्या सावन सोमवारी. भाभी रुसल्या. काकांनी जाऊन समजूत घातली, "भाभीजी, चाँद तो एकच है. आप पूनम से गिनते हो, हम अमावस से." संध्याकाळी भाभींकडून साबुदाण्याची खिचडी आली. पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या आल्या, की काका ज्याच्या घरी असतील त्याची पाळत. "पोथी भांडत नाही रे, वाचणारे भांडतात," म्हणत. असं मोठं मन आपल्यालाही असावं, असं मला वाटायचं.

चारूचे बाबा म्हणजे काकांचे जिवलग मित्र. चारू एकुलती एक, भंवरकुआंला कोचिंगमध्ये शिकवते. बाबांचं लांबलेलं आजारपण तिनं एकटीनं काढलं. मुलीनं अग्नी द्यायला शास्त्राची हरकत नाही, असं काकांनीच एका रविवारी आधारांसकट सांगितलं होतं. ते ऐकूनच बाबांनी चारूला सांगून ठेवलं होतं, की माझं तू करायचं.

ते गेले तेव्हा मुक्तिधामात ज्येष्ठ मंडळी अडून बसली. पुण्याहून पुतण्या आलाय, तो असताना मुलगी कशाला, शास्त्रात बसत नाही. गुरुजी मडकं हातात घेऊन घुटमळले. चारू काकांकडे वळली.

"काका, तुम्ही सांगा यांना. चालतं ना?"

काकांनी चष्मा काढला. पुसला. मान वर न करता म्हणाले, "दोन्ही मतं आहेत, बेटा."

मडकं पुतण्याकडे गेलं. चारू मागे सरून नळापाशी जाऊन उभी राहिली. आमच्यातलंही कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर काकांची रया गेली. चारू समोरून येताना दिसली, की ते मागच्या फाटकानं जात. रविवार बंद पडला. एकदा मी पोहे घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर बशी तशीच राहिली. म्हणाले, "मला माहीत होतं रे. चार म्हातारे नाराज होतील म्हणून घाबरलो. लाज वाटते मला." मी उगाच खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढे वर्ग परत सुरू झाला. दोन्ही अर्थ सांगून झाले, की काका पोथीवर बोट ठेवून "आता माझं मत" म्हणत आणि अडखळत का होईना, ते सांगत. काहींना ते रुचलं नाही. ते यायचे बंद झाले.

काकांना मूलबाळ नव्हतं. शेवटी एक दिवस ते चारूकडे गेले, माफी मागितली आणि विचारलं, माझं तू करशील का? तिनं चहा दिला आणि हळूच म्हणाली, "बघू काका. दोन्ही मतं आहेत." हे त्यांनीच मला सांगितलं. वर म्हणाले, "बरोबरच बोलली पोरगी."

या हिवाळ्यात काका गेले. तेच मुक्तिधाम, तीच ज्येष्ठ मंडळी. अग्नी कोण देणार, असं गुरुजींनी विचारलं आणि चारू पुढे आली. मागे कोणीतरी खाकरलं, कुजबुज सुरू झाली. मी घाईघाईनं म्हणालो, "चारूनंच द्यावा, असं काकांचं मत होतं."

चारूनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"काकांचं मला माहीत आहे, भिया. तुमचं काय?"

माझा हात चष्म्याकडे गेला. तो कसाबसा खाली घेऊन मी म्हणालो, "माझंही तेच."

एवढंच मी तिच्या बाबांच्या वेळी बोललो असतो, तर ती नळापाशी उभी राहिली नसती.