न टेकवलेला पाय

माझ्या मावशीची थोरली मुलगी, आमची ताई, एका मोठ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हाडांचे नमुने हे तिचं काम. हाडाचा पातळ काप सहजी निघत नाही. आधी ते आम्लात भिजवून मऊ करायचं, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवायचं आणि कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ काप काढून काचेवर घ्यायचे. त्या रसायनांचा वास तिच्या ओढणीला कायम असायचा. "ही घरात शिरली की दवाखानाच शिरतो," असं तिच्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर देखणं आणि बोलणं त्याहून गोड. एकदा शिडी सरकली, ते खाली आले आणि नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून सर्जननी बजावलं, "पाय जमिनीला टेकवायचा नाही. हाड जुळेपर्यंत अजिबात नाही."

तेव्हापासून ताईच्या जिवाला उसंत नव्हती. उठल्या उठल्या भावजींचं लघवीचं भांडं काढायचं, अंग पुसायचं, चहा हातात द्यायचा, डबा करायचा, कामावर पळायचं आणि परतल्यावर पुन्हा भांड्यापासून सुरुवात. सासूबाईंची कंबर धरलेली, त्यांना काही उचलवत नसे. भावजी डोळे मिटून म्हणायचे, "तुझ्या गळ्यात पडलोय गं मी." एवढ्यावर ताई विरघळायची.

महिने गेले, हाड काही जुळेना. सर्जन प्रत्येक एक्स-रे उजेडाकडे धरायचे आणि ओठ मुडपायचे.

त्यातच ताईच्या वडिलांनी, आमच्या काकांनी, अंथरूण धरलं. ते दुसऱ्या शहरात मुलाकडे असत. फोनवर एकच विचारायचे, "कधी येतेस?" ताईने रजेचा विषय काढला तेव्हा भावजी म्हणाले, "जा ना. मी काय, पडून राहीन. आई करेल जमेल तसं." असं म्हटल्यावर कुणाचा पाय निघेल? एका रविवारी ती धावतपळत जाऊन आली, तेवढंच. पुढे काका गेले. ती पोचली तोवर त्यांना नेलं होतं.

शेवटी सर्जननी पाय उघडला, हाडात सळई घातली आणि मोडलेल्या जागेतला थोडा भाग खरवडून लॅबमध्ये पाठवला. ताईच्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाई न जुळणाऱ्या हाडांचा अभ्यास करत होत्या. मोडलेलं हाड जुळताना आधी तिथे कूर्चा, म्हणजे नाकाच्या शेंड्यात असतो तसा लवचिक भाग, तयार होते आणि ही कूर्चा दोन तऱ्हेची असते. एक जन्मभर कूर्चाच राहते आणि दुसरी पुढे हाड होणारी. खरवडलेल्या चिमूटभर तुकड्यात ती नेमकी कुठली, हे साध्या रंगावरून छातीठोक सांगता येत नाही. म्हणून त्या अँटीबॉडी वापरत. ती हाड होणाऱ्या कूर्चेतलं एक विशिष्ट प्रथिन शोधून त्यालाच चिकटते आणि वर रंग चढवला की तेवढा भाग तपकिरी होतो. भावजींचा नमुना ताईनेच तयार केला. कुणाचा ते कुणाला बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाल्या, "बघा, बघा, किती तपकिरी आहे! शरीराने हाडाची सगळी तयारी केलीये."

"मग हाड का नाही झालं?"

"जंतू नाहीत, रक्तपुरवठाही ठीक दिसतोय. तयारी व्हायची आणि पाय हलायचा, पुन्हा तयारी, पुन्हा हलायचा. एक्स-रेही तेच सांगतो. हा माणूस पायावर भार देऊन चालत होता."

"झोपून आहेत ते, बाई. किती महिने झाले."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुमच्या ओळखीचे आहेत?"

ताई हातमोजे काढून उठली. अर्धी रजा टाकून घरी गेली.

सासूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. ताईने सरळ विचारलं, "हे प्लास्टरमध्ये असताना चालायचे?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "तरणाताठा माणूस, चार भिंतींत किती कोंडून घ्यायचा? खाली मेकॅनिकच्या गॅरेजात जायचा, दोन डाव पत्ते खेळायचा. काठी होती की हातात."

"रोज?"

"तुला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस."

ताई आतल्या खोलीत गेली. भावजींनी सगळं ऐकलं होतं.

"खाली जाता येत होतं, तर भांडं कशाला द्यायला लावायचात?"

"तू इतकं मनापासून करायचीस गं," भावजी म्हणाले. "मला सांगवेना."

ती म्हणाली, "बाबांचं दुखणं चाललं होतं, तेव्हाही खेळत होतात?"

भावजींनी खरंच आठवून पाहिलं. "तेव्हा पाऊस होता. रोज नाही जायचो."

हे मला सांगताना ताईला रडू आलं नाही, हसू आलं. ते हसू मला ऐकवलं नाही.

तिने भांडण केलं नाही. सळईमुळे हाड हलायचं थांबलं आणि भराभर जुळलं. शेवटच्या तपासणीला सर्जन तिच्यादेखत भावजींना म्हणाले, "बायकोने फार जपलं तुम्हाला." भावजींनी मान डोलावली. सासरच्या माणसांत अजूनही तिच्या सेवेचे गोडवे गातात.

भावजी पुन्हा शिडीवर चढू लागले, त्याच महिन्यात ताईने हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एक खोली मागून घेतली. भावजी दोनदा न्यायला आले. दुसऱ्यांदा म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीवरून?" तिने त्यांना चहा दिला आणि कामावर जायची वेळ झाली म्हणून दाराला कुलूप लावलं.

ती अजून तिथेच राहते. कुणी विचारलंच तर सांगते, कामाला जवळ पडतं.