बेचिराख गावचे रोगी

कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या कंपाउंडरचं नाव मी कधी विचारलं नाही. निजामाच्या राज्यात हैदराबादच्या एका बड्या डॉक्टरसाहेबांनी कर्करोगाचे रोगी गाववार कळवायचा हुकूम काढला आणि ते काम याच्या गळ्यात पडलं. रोगाचं नाव घ्यायची वेळ आली की तो टोपी काढून मांडीवर ठेवी.

माझ्या मावशीच्या छातीत गाठ निघाली. ती त्याला म्हणाली, "दादा, आमच्या गावाचं नाव कळवू नका. पोरीची सोयरीक मोडंल."

त्यानं मान डोलावली आणि जवळच्या एका बेचिराख गावाचं नाव कळवलं. तिथं कैक पिढ्या बाभळींशिवाय कुणी राहत नव्हतं. लग्नाच्या मुली घरोघरी होत्या, त्यामुळे तालुक्यातले सगळे कर्करोगी कागदावर त्याच गावात गोळा झाले.

तिथल्या पाण्यातच दोष असणार, असं ठरवून साहेब तंबू, खानसामा आणि चपराशी घेऊन पोचले. कंपाउंडरच्या निरोपावरून मीही मावशीची गाडी बाभळींआड सोडली होती.

"यहाँ तो कोई आदमीच नहीं!" साहेब गरजले.

"म्हणून तर कळवलं, साहेब. हितं कोणाचीच पोरगी लग्नाची न्हाई. जरा दम धरा, रोगी येऊन राहिलेत," कंपाउंडर म्हणाला.

पडदे लावलेल्या गाड्या येत गेल्या. गाडीवानांनी एकमेकांना ओळख दिली नाही. साहेबांनी सगळ्यांना तपासलं आणि मावशीला ऑपरेशनसाठी हैदराबादला नेलं.

पोरीच्या लग्नात मावशी मांडवभर मिरवत होती. कंपाउंडरही जेवायला आला होता. वराकडच्यांनी त्याला त्याचं गाव विचारलं, तेव्हा त्यानं बेधडक त्या बेचिराख गावाचं नाव सांगितलं.