हरकत नसणाऱ्यांनी यावे

सगळा घोळ एका 'न'ने केला, आणि तो 'न' माझा. नगरपालिकेत नोटिसा टाइप करायचं काम माझ्याकडे. आदल्या आठवड्यात 'थकबाकी नसणाऱ्यांनी दाखले न्यावेत' अशी नोटीस काढली होती. तीच उघडली, थकबाकी पुसून तिथे हरकत घातली आणि चहाला गेलो. नोटीस निघाली ती अशी : 'किनाऱ्यासमोरील अडथळा सुरुंगाने फोडून बोटींसाठी वाट करण्यास हरकत नसणाऱ्यांनी सभेस यावे.' साहेबांनी न वाचता सही केली. त्यांची ही सवय मला फार आवडते. फलकाला टाचण्या नव्हत्या, म्हणून मावशीच्या दोरीवरचे दोन चिमटे मागून आणले आणि नोटीस लटकवली.

मावशी माझी सख्खी. तिची लाँड्री किनाऱ्याला खेटून. पुढे दुकान, मागे अंगणात दोऱ्या, दोऱ्यांपलीकडे वाळू आणि मग समुद्र. इस्त्री ओढून तिचा उजवा दंड असा झालाय की भांडताना तिला हात उचलावा लागत नाही, समोरचाच काय ते समजून घेतो.

नोटिशीतला 'अडथळा' म्हणजे किनाऱ्यासमोर पाण्याखाली पसरलेला प्रवाळाचा लांबलचक कट्टा. आम्ही त्याला दाढ म्हणतो, कारण मोठी लाट तिथे चावली जाते आणि अंगणाकडे येतो तो नुसता फेस. शाळेत मला पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच ठाऊक होतं. हे बारीक जिवांनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेलं बांधकाम आहे आणि जिवंत असेपर्यंत आपली डागडुजी आपणच करतं, हे पुढे कळलं. आमच्या नगरपालिकेच्या कुठल्याच बांधकामाबद्दल असं म्हणता येत नाही.

मावशीचं पहिलं दुकान दीपस्तंभापलीकडे होतं. तिथली दाढ बोटींसाठी फोडली. मग वादळात लाटा थेट आत यायला लागल्या. आधी वाळू गेली, मग रस्ता, मग संरक्षक भिंत, मग दुसरी संरक्षक भिंत. दुकानाच्या पायऱ्या तेवढ्या उरल्यात, ओहोटीला दिसतात. मावशी इस्त्री आणि काका घेऊन इकडे आली. याच क्रमाने, असं काका सांगतात.

सभेच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ते बाहेरचं तू लिहिलंस?"

"टाइप केलं."

"म्हणजे माझी हरकत असली तर मी यायचं नाही?"

तेव्हा कुठे मला तो 'न' दिसला. "मावशी, हळू बोल. बदलतो लगेच."

"हात लावून बघ," ती म्हणाली. "गावभर सांगून येते, नोटीस पाळा म्हणून."

दुसऱ्या दिवशी सभागृहात बंदर खात्याचे इंजिनिअर, आमचे साहेब, मी आणि रिकाम्या खुर्च्या. ज्याच्या बोटींसाठी ही वाट, त्या बोटवाल्याची तेवढी हरकत नव्हती, पण त्याच्या सगळ्या पँटी नेमक्या मावशीकडे भिजत होत्या.

इंजिनिअर घड्याळ बघून म्हणाले, "कोणाचीच हरकत दिसत नाही. लिहून घ्या."

तेवढ्यात मावशी सभागृहाच्या टेबलावर घालायचं धुतलेलं कापड घेऊन दारात आली. "मी सभेला आले नाही, हे द्यायला आले. साहेब, तुमची नोटीस वाचा. हरकत नसणाऱ्यांना बोलावलंत ना? किती आले?"

साहेबांनी फलकाशी जाऊन नोटीस पहिल्यांदा वाचली. परत येऊन माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"बाई, टायपिंगची चूक आहे ती."

"आणि खालची सही?"

इंजिनिअर समजुतीने म्हणाले, "अहो, वाट एवढीशीच आहे. नंतर भिंत बांधून देऊ की."

"भिंती मला सांगू नका. दोन माझ्यासमोर वाहून गेल्या." मावशीने कापड पसरून त्यावर तळहात फिरवला. "आणि अडथळा कोणाला हो, लाटेला का तुम्हाला? तिकडेही एवढीशीच वाट म्हणाले होते. तिकडून उठून आले. इथून उठणार नाही. सुरुंग लावायच्या दिवशी दाढेवर दोऱ्या बांधीन आणि चादरी तिथे वाळत घालीन."

"पाण्यात?"

"वेळ लागेल. मला घाई नाही."

सभा रद्द झाली. नवी नोटीस साहेबांनी अक्षराअक्षरावर बोट ठेवून तपासली. त्या सभेला खुर्च्या कमी पडल्या, आणि मावशी पहिल्या रांगेत बसून शेवटच्या माणसाची हरकत लिहून होईपर्यंत हलली नाही. महिन्याभराने बंदर खात्याचं पत्र आलं : सुरुंगाचा बेत मागे घेतला आहे, बोटी बाहेरच थांबतील, माणसं होडीने ये-जा करतील. बोटवाला तेव्हापासून पँटींना घरी इस्त्री करतो. ते दिसतंच.

पत्र मी फलकावर लावलं, त्याच दोन चिमट्यांनी. टाचण्या अजून आलेल्या नाहीत.

"माझे चिमटे?" मी दिसलो की मावशी अंगणातून रोज विचारते.

"उद्या देतो गं."

"चादर उडाली तर तुला दोरीवर घालीन."

फलक वाऱ्याच्या तोंडावर आहे. चिमटे काढले तर पत्र उडेल आणि नवीन प्रत मलाच टाइप करावी लागेल. हे सांगितल्यावर मावशीने चादरीचं टोक दोरीला गाठ मारून बांधलं. मग म्हणाली, राहू देत तिथेच, पण देणं आहे हे विसरू नकोस.