पहिली फेरी

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मीही म्हणते. लग्न झाल्यावर नावानं हाक मारून पाहिली, तर ते दुसऱ्याच कुणाला बोलावलं असेल म्हणून मागे वळून बघायला लागले. तेव्हा नाद सोडला. त्यांचं काम लिफ्टचं. बंद पडलेली लिफ्ट उघडायची, दोर तपासायचे, ब्रेक बसवायचे आणि घरी येऊन ग्रीसचे हात माझ्या धुतलेल्या टॉवेलला पुसायचे.

यांच्या धंद्यात एक रीत आहे. दुरुस्ती झाली की यंत्राशेजारी टांगलेल्या कार्डावर सही करायची, आणि ज्यानं सही केली त्यानंच पहिली फेरी मारायची. एकट्यानं, वरपासून खालपर्यंत. तो धडधाकट बाहेर आला की मग बाकीचे. त्यामुळे कार्डावर सही दिसली की यांच्यातला कुणी पुन्हा दोर तपासत बसत नाही. सही आहे म्हणजे कुणीतरी आधी बसून आलंय. आमचा घात झाला तो इथेच.

काही वर्षांपूर्वी कंपनीनं मिस्त्रींच्या टोळीतल्या सगळ्यांना नोकरीवरून काढलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच कामावर ‘स्वतंत्र कारागीर’ म्हणून परत बोलावलं. पैसे आता एका मधल्या संस्थेकडून येणार होते. त्या संस्थेचा माणूस वर्कशॉपमध्ये आला. मी त्याला गोडबोल्या म्हणते. खरं नाव घेऊन तोंड कशाला विटाळू? तो म्हणाला, पगाराचे दोन भाग करू. छोटा भाग पगार, मोठा भाग कर्ज. कर्जावर कर लागत नाही.

“आणि ते फेडायचं कधी?” कुणीतरी विचारलं.

“कधीच नाही,” म्हणून गोडबोल्या हसला. त्यानं एका वकिलाचं मत दाखवलं. सगळं कायद्यात बसतं, असं लिहिलेलं, खाली सही आणि शिक्का. मिस्त्रींनी सही पाहिली आणि संपलं. वकील आधी बसून आला असणार! त्यांनी सही ठोकली, आणि त्यांची सही पाहून सगळ्या टोळीनं ठोकली.

फेडायचं नसलेलं कर्ज देणारा देवमाणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. मी तेव्हाच तसं बोलले होते. “तुला यातलं काय कळतं?” हे उत्तर मिळालं. ते मी अजून विसरलेले नाही.

मग कर खात्याचं पत्र आलं. भाषा अशी, जणू मिस्त्रींनी बँक लुटलीय. प्रश्न दोनच होते: हे पैसे कर्ज होते की मजुरी, आणि ही योजना तुमच्यापर्यंत आणली कुणी? मजुरी म्हटलं की मागचा सगळा कर, वर व्याज. म्हणजे घरासाठी साठवलेलं सगळं जाणार. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मुलगी ओट्याच्या कोपऱ्यावर पुस्तक टेकवून अभ्यास करते आणि फोडणी द्यायची वेळ झाली की तिला उठवावं लागतं. तिला स्वतःचं टेबल देणार होतो आम्ही. कंपनीला पत्र नाही, वकिलाला पत्र नाही. पत्र कुणाला, तर ज्याच्या नखांत ग्रीस आहे त्याला! माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

उत्तराची मुदत संपत आली तसा गोडबोल्या घरी उगवला.

“काही घाबरू नका, वहिनी.”

वहिनी! हा माझा दीर कधीपासून झाला?

त्यानं उत्तर टाइप करूनच आणलं होतं. ‘मी ही रक्कम खरोखर कर्ज म्हणून घेतली असून ती परत करण्याचा माझा इरादा आहे. योजनेची माहिती मला मित्रांकडून मिळाली.’ संस्थेचा उल्लेख कुठे औषधालासुद्धा नव्हता.

“सही केली की खातं गप्प बसेल. तुमचं घर वाचेल,” तो म्हणाला.

“आणि उद्या तुम्हीच ते कर्ज परत मागायला आलात तर? यांनी तर लिहूनच दिलेलं असेल,” मी म्हटलं.

“असं कुणी करतं का, वहिनी?”

मिस्त्रींनी पेन उचललं. घराच्या नावानं ते खोटंही लिहून देणार होते. मला रडू येत होतं आणि त्या माणसाच्या डोक्यावर कपबशी फोडावीशीही वाटत होती. त्याऐवजी मी विचारलं, “तुमचा पगार कसा येतो हो? असाच? थोडा पगार, बाकी कर्ज?”

“छे, माझं वेगळं आहे. मी कायम नोकरीत आहे ना.”

“आणि त्या वकीलसाहेबांचा?”

“त्यांची फी असते.”

मिस्त्रींचा हात थांबला. “म्हणजे तुमच्यातलं कुणीच बसलं नाही?”

“कशात?” गोडबोल्यानं विचारलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता. तो लाजला वगैरे नाही. असली माणसं लाजत नसतात. विचार करा म्हणाला आणि गेला. पेन मात्र आठवणीनं घेऊन गेला.

मग मी बरसले. ‘तुला यातलं काय कळतं’पासून सगळं काढलं, नको ते बोलले. 

“घर जाईल गं,” मिस्त्री शेवटी म्हणाले.

“जाऊ दे. पण या मेल्याच्या कागदावर सही केलीत तर मीसुद्धा जाईन.”

त्यांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. ती मजुरी होती. योजना या संस्थेच्या या माणसानं आणली. दोघं मिळून ते द्यायला कर खात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडची अधिकारी बाई म्हणाली, “एवढं साधं तुम्हाला आधी कळायला हवं होतं.” मी तोंड उघडणार तोच मिस्त्रींनी माझा हात दाबला. तिनं तिथल्या तिथेच हिशोब मांडला. खरं सांगितलं म्हणून दंड माफ झाला. कर आणि व्याज मात्र भरावंच लागलं. साठवलेलं सगळं तिथेच गेलं आणि उरलेल्याचे हप्ते पडले, मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत पुरतील एवढे.

मिस्त्री तिथून घरी आले नाहीत, वर्कशॉपमध्ये गेले. मीही मागोमाग गेले. टोळीतल्या प्रत्येकाच्या खिशात खात्याचं पत्र होतं आणि गोडबोल्याचं तेच टाइप केलेलं उत्तरही.

“मी जाऊन आलो,” मिस्त्री म्हणाले. “खोटं नाही सांगत, घर गेलं. तुमचंही बरंच जाईल. माझी सही बघून तुम्ही फसलात. तेव्हा मी बसून आलो नव्हतो. आज आलोय.”

कुणीतरी शिवी देईल असं मला वाटलं. दिली असती तर मी काही बोलले नसते. पण त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं, हात पुसले, आणि आपापली पत्रं घेऊन ते कर खात्याकडे निघाले.