तात्यांनी पाजवलेल्या पात्या

धाकट्या भावाचा, दत्ताचा फोन आला तेव्हा मी बारामतीत कॉलेजला शिकवायला निघाले होते. "ताई, तात्या गेलं. च्या घेतला, जरा पडतो म्हणालं... उठलंच न्हाईत." वडील गेल्याचं कळल्यावर मुलीच्या मनात पहिल्यांदा काय यावं? माझ्या मनात आलं, बरं झालं, हाल नाही झाले. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, कुणाच्या हातचं पाणी नाही. आणि त्याहून बरं वाटलं ते याचं, की दिवाळीपासून त्यांनी जिवाला लावून घेतलेली एक गोष्ट जाण्याआधी मिटली होती. ती तशीच राहिली असती तर आज मला हे लिहवलंच नसतं.

गोष्ट खरं तर हसण्यासारखी आहे. माझी मुलगी शर्वरी आइस हॉकी खेळते. बारामतीत बर्फ म्हटलं की गाड्यावरचा गोळाच आठवतो, हे मला मान्य आहे. पण लहानपणापासून चाकांच्या स्केट्सवर हुंदडलेली ही पोर एकदा पुण्यात एका मॉलमधल्या बर्फावर उतरली आणि तिथलीच झाली. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली आणि नेमक्या तेव्हाच तिच्या बुटांखालच्या पात्या घासून घासून संपल्या. नव्या बसवल्या. त्या उंच, धारेला करकरीत. जुन्यांवर डोळे मिटून वळणारी पोर आता दर वळणाला आपटायला लागली. कोच म्हणायचे, "सवय होईल, वेळ दे." वेळच तर नव्हता.

दिवाळीत पुण्याहून परतताना आम्ही डाळजला माहेरी थांबलो, तेव्हा ती तात्यांपुढे रडली. "नव्या पात्या जमतच नाहीत हो मला." तात्यांची उभी हयात उसात गेलेली. बाजारातून आणलेला कोयता नुसता दिसायला नवा, तो घरी पाजवल्याशिवाय कामाचा नाही, हे त्यांचं ठाम मत. आम्ही आत जेवत असताना त्यांनी बूट उचलले आणि गोठ्यामागच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू केला. आइस हॉकीच्या पातीला तळाशी मधोमध बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही कडांना एकेक धार. तात्यांना वाटलं, कंपनीनं काम अर्धवट सोडलंय. त्यांनी पन्हळ पार घासून टाकली आणि कोयत्याला करतात तशी एकच धार काढली. बूट घेऊन खुशीत बाहेर आले. "घे बाय. आता कशी चालती बघ!"

शर्वरी ओरडली नाही. बूट मांडीवर घेऊन तिनं पातीवरून बोट फिरवलं. "तात्या, ह्याला दोन धारा असतात हो..." ज्यांच्यासमोर गावात कुणी आवाज चढवत नसे, ते तात्या एकदम एवढेसे झाले. त्यानंतर ते फोनवर येईनात. दत्ता सांगायचा, "ताई, घास उतरत न्हाय त्यांच्या गळ्याखाली. म्हणत्यात, पोरीचं वाटुळं केलं म्या." निवडीचं जे व्हायचं ते होवो, मला त्यांचीच धास्ती लागली.

कोचांनी पात्या पाहून कपाळाला हात लावला. मशीनवर पुन्हा पन्हळ पाडली, दोन्ही धारा काढल्या. पण तात्यांनी आधीच एवढं पोलाद उडवलेलं की नवी पाती बुटकी होऊन जुन्या, झिजलेल्या पातीच्या उंचीला आली होती. शर्वरीनं बर्फावर एक वळण घेतलं, मग दुसरं... आणि पडली नाही. कोच म्हणाले, "असं कुणी करू नये. पण तुला मानवलंय!"

निवड झाली त्या दिवशी आम्ही बारामतीला आलोच नाही, थेट डाळज गाठलं. तात्या गोठ्याकडे तोंड करून बसले होते.

"तात्या, झाली माझी निवड. तुमच्याच पात्यांवर."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नगं."

"आईशप्पथ, तात्या!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले, आणि आत हाळी दिली, "अगं सूनबाई, वाढ काय असंल ते. भूक लागलीया." ते जेवताना मी समोर बसून होते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

दहाव्यानंतर दत्ता शेड आवरायला गेला. ग्राइंडर भंगारात द्यायचा का, असं त्यानं मला विचारलं. उत्तर शर्वरीनं दिलं.

"राहू दे मामा. पुढच्या पात्याही उंचच येणार."

"आन् पाजवणार कोण? तुला जमतंय व्हय?"

"त्यात काय? एकच धार काढायची," ती म्हणाली, "बाकीचं कोच बघतील."

दत्ता हसायला गेला आणि त्याला हुंदका आला. त्यानं ग्राइंडर उचलून होता तिथं ठेवला.